रेकॉर्डच्या कव्हरवरची मुलगी

काही वर्षांपूर्वी आम्ही मुंबईच्या चोर बाजारात गेलो होतो. तिथे जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्याच्या ढिगात एक इंग्रजी रेकॉर्ड हाती लागली. कव्हरवर फोटो होता. बर्फाचा चिखल झालेला रस्ता, दोन्ही बाजूंना उभ्या मोटारी आणि मधून चालत येणारी दोन तरुण माणसे. मुलगा खिशात हात घालून, थंडीने आखडलेला. मुलगी त्याच्या दंडाला बिलगून हसते आहे. आम्ही विकणाऱ्याला विचारले, "हा कोण?" तो म्हणाला, "बॉब डिलन. मोठा सिंगर आहे." "आणि ही मुलगी?" तो म्हणाला, "असेल त्याची कोणीतरी."

असेल त्याची कोणीतरी! हे तीन शब्द आमच्या डोक्यातून काही जाईनात. त्या गायकाला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण त्याच फोटोत, त्याच्याइतक्याच जागेत उभ्या असलेल्या मुलीचे नाव विचारले तर जाणकारसुद्धा अडखळतात. तिचे नाव सूझी रोटोलो. साठच्या दशकात, गाण्याच्या धंद्यात नुकत्याच शिरलेल्या या मुलाबरोबर तिने जवळजवळ तीन वर्षे काढली. त्या दिवसांच्या आठवणी तिने २००८ साली स्वतः पुस्तकात लिहिल्या. आज आम्ही त्या मुलीची गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट दूरच्या अमेरिकेतली आहे, पण आपल्या घरातल्या मुलींनी ऐकावी अशी आहे. मुलांनी तर अवश्य ऐकावी.

सूझीचा जन्म २० नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घराणे मूळचे इटालियन. वडील चित्रकार, पण पोटासाठी कारखान्यात राबणारे आणि युनियनचे काम करणारे. आई इटालियन भाषेतल्या एका डाव्या विचाराच्या पत्रात लिहीत असे. दोघेही कम्युनिस्ट. अमेरिकेत त्या काळी कम्युनिस्ट म्हटले की सरकारचा ससेमिरा मागे लागे आणि नोकरी कधी जाईल याचा नेम नसे. घरात पैसा बेताचा, पण पुस्तके आणि गाणी भरपूर. १९५८ मध्ये वडील वारले. सूझी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती.

अशा घरातली मुलगी चळवळीत न पडली तरच नवल. १९६० साली अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या विद्यार्थ्यांनी एक आंदोलन सुरू केले. तिथल्या दुकानांत काळ्या माणसाने पैसे देऊन वस्तू विकत घेतलेली चाले. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून त्याने कपभर कॉफी मागितलेली चालत नसे. विद्यार्थी त्या काउंटरवर जाऊन बसू लागले. न्यूयॉर्कमध्ये त्याच दुकानाच्या शाखेसमोर त्यांच्या पाठिंब्यासाठी निदर्शने झाली. त्यांत शाळकरी सूझी फलक घेऊन उभी होती. पाणवठा काय आणि कॉफीचा काउंटर काय, मुद्दा एकच असतो, हे आपल्या वाचकांना आम्ही समजावून सांगायला नको. पुढे ती 'काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी' या समतेसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या न्यूयॉर्क कचेरीत काम करू लागली. १९६१ साली याच संघटनेने काळे-गोरे कार्यकर्ते एकत्र बसवून दक्षिणेत बसगाड्या नेल्या. त्या कार्यकर्त्यांना जबर मारहाण झाली, एक बस जाळली गेली. त्या बातम्या कचेरीत येत, तेव्हा सूझी तिथे टपाल आणि कागदपत्रे सांभाळत होती.

२९ जुलै १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये लोकगीतांचा दिवसभराचा कार्यक्रम होता. तिथे सूझीची आणि बॉबची ओळख झाली. ती सतरा वर्षांची, तो वीस वर्षांचा. तो त्याच वर्षी जानेवारीत मिनेसोटाहून गिटार घेऊन शहरात आला होता. ग्रीनिच व्हिलेज नावाच्या वस्तीत कॉफीची छोटी दुकाने होती. तिथे गायचे, मग टोपली फिरवायची, लोक टाकतील ती नाणी घ्यायची. रात्री मित्राच्या घरी जमिनीवर झोपायचे. आपल्याकडच्या नव्या गायकाची जी गत, तीच त्याची.

तिकडे लग्नाआधी मुलामुलींनी एकत्र फिरण्याला 'डेटिंग' म्हणतात. ही दोघे फिरायची म्हणजे काय करायची? खिशात पैसे नसल्याने पायी फिरायची, संग्रहालयात चित्रे पाहायची, मित्रांची गाणी ऐकत रात्री जागवायची. सूझीला अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ती दोघे वेस्ट फोर्थ स्ट्रीटवरच्या एका लहानशा जागेत एकत्र राहू लागली. महिन्याचे भाडे साठ डॉलर. आईला हा मुलगा अजिबात पसंत नव्हता. तो स्वतःविषयी खरे सांगत नाही, असा आईचा संशय. आणि तो अगदीच खोटा नव्हता. आपण लहानपणी घरातून पळालो, सर्कशीबरोबर हिंडलो, असे तो लोकांना सांगत असे. प्रत्यक्षात त्याचे वडील विजेच्या वस्तूंचे दुकान चालवत आणि त्याचे जन्मनाव रॉबर्ट झिमरमन होते. हे खरे नाव सूझीला त्याच्याकडून कळले नाही. त्याच्या पाकिटातून पडलेले सरकारी कार्ड पाहून कळले. भगिनींनो, एका छपराखाली राहणाऱ्या माणसाचे नाव जमिनीवर पडलेल्या कागदावरून कळावे, याचे त्या मुलीला किती वाईट वाटले असेल!

पण त्या छोट्या घरात घडले ते मोठे होते. बॉबला जुनी लोकगीते येत होती. सूझीने त्याच्यासाठी नवी दारे उघडली. ती नाटकाच्या पडद्यामागे नेपथ्याचे काम करी. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या गाण्यांचा एक प्रयोग तेव्हा चालू होता, तिथे ती कामाला होती. तिच्यामुळे बॉबने तिथे एका मोलकरणीचे गाणे ऐकले. हॉटेलात भांडी घासणारी ती बाई मनातल्या मनात सगळ्या मालकांचा हिशोब चुकता करते, असे ते गाणे. त्या एका गाण्याने आपल्याला गाणे कसे रचावे ते शिकवले, असे बॉबने पुढे २००४ सालच्या आपल्या आत्मकथनात सविस्तर लिहिले. चळवळीच्या कचेरीतल्या बातम्याही सूझी घरी आणत होती. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी छळ करून खून केला आणि न्यायालयाने खुन्यांना सोडून दिले. त्या मुलावर बॉबने १९६२ च्या सुरुवातीला गाणे लिहिले आणि ते सूझीच्याच संघटनेच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात गायले. समतेच्या या गोष्टी आपल्या आधीपासून सूझीला ठाऊक होत्या आणि आपण गाणी तिच्याकडून तपासून घेत होतो, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले आहे.

आता धंद्याकडे वळू. कारण प्रेमाच्या आड आई आली नाही तेवढा धंदा आला.

सप्टेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये बॉबच्या गाण्याची तारीफ छापून आली. पुढच्याच महिन्यात कोलंबिया या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्ध केले. मार्च १९६२ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली. पहिल्या वर्षात तिच्या सुमारे पाच हजार प्रती खपल्या, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने काहीच नाही. मग १९६२ मध्येच अल्बर्ट ग्रॉसमन नावाचा हुशार मॅनेजर आला. त्याने पाहिले की या मुलाचा गळा सगळ्यांना रुचणारा नाही, पण त्याची गाणी दुसऱ्या गोड गळ्याच्या गायकांकडून गाऊन घेतली तर घराघरात जातील. गीत लिहिणाऱ्याला प्रत्येक रेकॉर्डमागे हक्काचे पैसे मिळतात. १९६३ च्या उन्हाळ्यात 'पीटर, पॉल अँड मेरी' या त्याच मॅनेजरच्या संचाने बॉबचे एक गाणे गायले आणि ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. टोपली फिरवणारा मुलगा दोन वर्षांत मोठा माणूस झाला.

या दोन वर्षांत सूझी काय करत होती? जून १९६२ मध्ये ती आईबरोबर बोटीने इटलीला गेली आणि पेरुजा या गावी चित्रकला शिकू लागली. जायचे होते थोड्या दिवसांसाठी, पण ती सहा महिन्यांहून अधिक राहिली. बॉबची पत्रे येत. तिच्या विरहात त्याने जी गाणी लिहिली, ती आज त्याच्या उत्तम गाण्यांत गणली जातात. डिसेंबरमध्ये तो लंडनला गेला आणि तिथून पुढे इटलीलाही पोहोचला. पण तोवर ती न्यूयॉर्कला परतली होती. अशी चुकामूक झाली.

ती परतली तेव्हा वस्तीतल्या मित्रमंडळींनी तिचे स्वागत कसे केले? "तू त्याला सोडून गेलीस, तो किती झुरला!" असे बोल लावून. मुलगी शिकायला गेली होती, हे कोणाच्या लक्षात आले नाही. तिने काय चित्रे काढली, हे कोणी विचारले नाही. तो झुरला, एवढेच सर्वांना ठाऊक. कारण तो झुरला त्याची गाणी झाली होती. ती तिकडे झुरली असेल त्याचे काहीच झाले नव्हते.

यानंतर फेब्रुवारी १९६३ मध्ये तो फोटो निघाला. कंपनीचा फोटोग्राफर डॉन हनस्टीन घरी आला. थोडे फोटो घरात काढले आणि मग सगळे जवळच्या जोन्स स्ट्रीटवर गेले. कडाक्याची थंडी होती. बॉबने दिसायला बरे म्हणून पातळ जाकीट घातले, म्हणून तो फोटोत कुडकुडतो आहे. सूझीने शहाण्या मुलीसारखे स्वेटरवर स्वेटर आणि वरून कोट चढवला, आणि आपण त्यात जाड दिसतो म्हणून जन्मभर त्या फोटोवर कुरकुरत राहिली. एका दुपारचे काम. मे १९६३ मध्ये रेकॉर्ड बाजारात आली आणि ती दुपार कायमची तिच्या मानगुटीवर बसली. त्या दिवसापासून ती चित्रकार नव्हती, कार्यकर्ती नव्हती, कामगाराची मुलगी नव्हती. ती 'कव्हरवरची मुलगी' झाली.

आता घरात कोण कोण येऊ लागले? मॅनेजर, पत्रकार, ओळख सांगणारे आणि ओळख काढणारे. लोक तिच्याशी बोलत ते त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी. बैठकीत पुरुष चर्चा करत, बायकांनी बाजूला बसून कौतुकाने पाहायचे. मोठमोठी समतेची गाणी गाणाऱ्या मंडळींतही ही रीत होती, हे लक्षात घ्या. कोणी वाईट वागत होता असे नाही. रीतच तशी होती, आणि ती रीत आहे हे बोलायला तेव्हा शब्दही नव्हते. गिटारची पेटी जशी गायकाबरोबर जायची, तशी त्याची मैत्रीणही जायची. शिवाय त्याच्या खोटे बोलण्याच्या सवयी गेल्या नव्हत्या आणि गायिका जोन बाएझबरोबर त्याचे नाव उघडपणे जोडले जाऊ लागले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये सूझी ती जागा सोडून बहिणीकडे राहायला गेली.

त्याच वर्षी तिला दिवस गेले होते. गर्भपात करायचे ठरले. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये तो कायद्याने गुन्हा होता. तिथे कायदा १९७० साली सैल झाला. आपल्याकडे हा कायदा १९७१ साली झाला. त्यापूर्वी अशा वेळी किती मुलींनी चोरवाटेने जाऊन जीव गमावले, हे आपल्या आया-आज्यांना विचारा. सूझीचा जीव वाचला, पण मन खचले. तिकडे बाहेर त्याच्या गाण्याला टाळ्या पडत होत्या आणि इकडे वीस वर्षांची पोर बहिणीच्या घरात गप्प बसून होती. पुस्तकात तिने हे लिहिले, पण रंगवून लिहिले नाही. त्याच्यावर चिखलही उडवला नाही.

मार्च १९६४ मध्ये बहिणीच्या घरी मोठे भांडण झाले आणि संबंध संपला. इथपर्यंत कुठल्याही दोन तरुण माणसांत घडते तेच घडले. वेगळे घडले ते पुढे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉबची नवी रेकॉर्ड आली. तिच्यात आठ मिनिटांहून मोठे एक गाणे होते. त्यात त्या रात्रीचे भांडण आणि सूझीच्या थोरल्या बहिणीवर वाट्टेल तसे शब्द. एका साध्या, नोकरी करणाऱ्या बाईची नालस्ती रेकॉर्डवर चढली आणि दुकानादुकानांत विकायला ठेवली गेली. वाचकहो, चाळीत भांडण झाले तर दोन्ही बाजू गॅलरीत उभ्या राहून बोलतात. शेजारी दोघांचेही ऐकतात. इथे एकाच्या हाती माइक आणि कंपनी, दुसरीच्या हाती काही नाही. ते गाणे आपण करायला नको होते, असे बॉबने १९८५ साली म्हटले. चूक मान्य केली हे चांगलेच झाले. पण मधली एकवीस वर्षे ते गाणे वाजतच होते, आणि आजही वाजते.

बहुतेक लोकांच्या दृष्टीने सूझीची गोष्ट इथे संपते. आमच्या मते ती इथे सुरू होते. १९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकन सरकारची बंदी झुगारून विद्यार्थ्यांचा एक गट क्युबाला गेला, त्यात सूझी होती. पुढे तिने लग्न केले, मुलगा झाला. तिने चित्रे काढली, हाताने घडवलेली कलात्मक पुस्तके केली आणि न्यूयॉर्कच्या एका नामांकित कलाशाळेत शिकवले. पत्रकार दारात येत, ती त्यांना परत पाठवी. त्या तीन वर्षांच्या आठवणी विकून तिला कितीतरी पैसे मिळाले असते. तिने कितीतरी वर्षे त्याविषयी बोलणे शक्यतो टाळले. २००५ साली आलेल्या एका माहितीपटात ती थोडे बोलली, आणि मग २००८ मध्ये आपले पुस्तक आपल्या शब्दांत लिहिले. त्यात फक्त बॉब नाही. तिचे आईवडील आहेत, चळवळ आहे, नाटके आहेत, ती वस्ती आहे. मी कोण होते, हे तिने तिसऱ्या कोणाकडून लिहून घेतले नाही. २५ फेब्रुवारी २०११ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली. वय सदुसष्ट.

नावाची एक गोष्ट सांगायची राहिली. तिचे खरे नाव सुझान. 'सूझी' हे नाव तिने ज्या वेगळ्या पद्धतीने लिहायला घेतले, ती अक्षरे पिकासोच्या एका चित्रातल्या बाटलीवरून स्वतः निवडली होती. २०२४ साली बॉबच्या तरुणपणावर हॉलिवुडचा चित्रपट आला. त्यात तिचे पात्र आहे, पण नाव बदललेले. ती प्रसिद्धीपासून दूर राहणारी बाई होती, म्हणून नाव बदला, असे खुद्द बॉबनेच सुचवले होते. हेतू चांगला असेल. पण आम्हाला वाटले, जिने आपले नाव स्वतः निवडले, आपली गोष्ट स्वतः लिहिली, तिचे नाव पडद्यावर यायला काय हरकत होती?

आता आपल्या घराकडे या. आपल्या वस्त्यांत गाणारी माणसे कमी नाहीत. गायन पार्टी रात्रभर गाते, लोक हार घालतात. ज्या बाईने पहाटे उठून डबा केला, कार्यक्रमाच्या तारखा लक्षात ठेवल्या, कधी गाण्यातला शब्द दुरुस्त केला, तिचे नाव माइकवरून किती वेळा घेतले जाते? गायक दादांनो, पुढच्या कार्यक्रमात एकदा घेऊन पाहा. खर्च काही नाही.

आणि मुलींनो, गाणाऱ्या मुलावर मन बसले तर त्यात गुन्हा काही नाही. गळा गोड असतो, बोलणे त्याहून गोड. फक्त दोन गोष्टी पाहा. एक, तो तुम्हाला आपल्याविषयी खरे सांगतो का. दुसरी, तो तुमचे काम विचारतो का. तुमचा शिवणाचा क्लास, तुमची नर्सिंगची परीक्षा, तुमची चित्रांची वही. ते मागे ठेवून यायला सांगणारा कितीही चांगले गात असला, तरी ती वही मागे ठेवू नका. सूझी इटलीला गेली म्हणून तिला बोल लावणारे आज कोणाला आठवत नाहीत. तिची पुस्तके राहिली.

चोर बाजारातला तो ढीग अजून तिथेच असेल. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी तिकडे गेले आणि ती रेकॉर्ड दिसली, तर विकणाऱ्याला तेवढे सांगा. म्हणावे, ही त्याची कोणीतरी नव्हे. ही सूझी रोटोलो.